के-३२ मास्टरपीस: नेमबाज आणि संग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मिथ अँड वेसनच्या के-३२ मास्टरपीसबद्दल येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. काहींना हे रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवायचं असतं, काहींना रेंजवर न्यायचं असतं. दोघांच्या शंका बऱ्याचदा एकाच भागाशी येऊन थांबतात, म्हणून उत्तरं एकत्रच ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे. शस्त्राला हात लावायच्या प्रत्येक कृतीआधी सिलिंडर उघडून सहाही खण रिकामे असल्याची खात्री केली आहे, असं गृहीत धरलं आहे.

१. के-३२ म्हणजे नेमकं कोणतं रिव्हॉल्व्हर?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथे स्मिथ अँड वेसनने बनवलेलं, निव्वळ लक्ष्यभेदासाठी घडवलेलं सहा खणांचं रिव्हॉल्व्हर. ‘के’ म्हणजे कंपनीची मध्यम आकाराची फ्रेम आणि ‘३२’ म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस. बॅरल सहा इंची (१५२ मिमी). पुढे पॅट्रिज पद्धतीची चौकोनी साइट आणि मागे क्लिक-क्लिक करत सरकणारी मायक्रोमीटर साइट. घोडा अंगठ्याने मागे ओढून किंवा नुसता चाप दाबून, अशा दोन्ही प्रकारे ते चालतं. स्पर्धेत मात्र जवळजवळ सगळे घोडा ओढूनच नेम धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर के-२२, के-३२ आणि के-३८ अशी तीन भावंडं बाजारात आली. १९५७ मध्ये कंपनीने नावांऐवजी क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा के-३८ झालं मॉडेल १४, के-३२ झालं मॉडेल १६ आणि के-२२ झालं मॉडेल १७.

२. तिन्ही मास्टरपीसचं वजन सारखं आहे म्हणतात. कॅलिबर वेगळं असताना ते कसं?

बॅरलच्या माथ्यावरच्या पट्टीची रुंदी बदलून. बॅरलचं आणि खणांचं भोक जितकं मोठं, तितका पोलाद कमी आणि शस्त्र हलकं. ही तूट भरून काढायला के-३८ ची पट्टी सर्वांत रुंद ठेवली, के-२२ ची सर्वांत अरुंद आणि के-३२ ची मधली. काडतुसं भरल्यावर तिघांचंही वजन ३८.५ औंस, म्हणजे साधारण १,०९० ग्रॅम यावं असा हिशेब होता. स्वस्त .२२ वर सराव करायचा आणि स्पर्धेला सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारं, जसं .३२ किंवा .३८) घेऊन जायचं, तरी हाताला फरक कळू नये, हा त्यामागचा हेतू. युद्धानंतरच्या अगदी सुरुवातीच्या नगांवर पट्टी अरुंदच आहे. वजनं जुळवण्याची व्यवस्था थोडी नंतर आली. त्यामुळे अरुंद पट्टी दिसली म्हणून बॅरल बदललेलं आहे असं लगेच समजू नये.

३. ते इतकं दुर्मिळ का? चांगलं नव्हतं म्हणून खपलं नाही का?

खपलं नाही हे खरं, पण कारण अचूकतेत नव्हतं. युद्धोत्तर के-३२ आणि मॉडेल १६ मिळून १९७३-७४ पर्यंत सुमारे ३,६३० नग बनले, असा सर्वमान्य आकडा आहे. पाव शतकाहून अधिक काळात इतकेच. कारण सरळ आहे: अमेरिकेत .३८ स्पेशल प्रत्येक दुकानात मिळत होतं, पोलीस तेच वापरत होते, आणि त्याच्या १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळ्यांचा दर्जा उत्तम होता. त्याच किमतीला के-३८ मिळत असताना, काडतूस शोधत फिरावं लागेल असं शस्त्र कोण घेणार? शिवाय गुणांच्या हिशेबातही .३८ ला थोडा फायदा होता (प्रश्न ९ पाहा).

४. युद्धापूर्वीचं के-३२ आणि चार इंची के-३२ खरंच अस्तित्वात आहेत का?

दोन्ही आहेत. युद्धापूर्वी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, के-३२ ची पहिली आवृत्ती निघाली. तिचे नग शंभराच्या आसपासच आहेत. त्यांच्या अनुक्रमांकाआधी ‘के’ अक्षर नसतं, कारण ती मालिका १९४६ मध्ये के-१०१ पासून सुरू झाली. चार इंची, म्हणजे ‘कॉम्बॅट मास्टरपीस’ धाटणीचे के-३२ तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी आहेत.

नेमकं म्हणूनच या दोन प्रकारांत सर्वांत जास्त सावध राहायला हवं. सहा इंची बॅरल कापून पुढची साइट पुन्हा बसवणं चांगल्या कारागिराला अवघड नाही. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनचं पत्र मागवावं. त्यात तो अनुक्रमांक कारखान्यातून कोणत्या रूपात आणि कधी बाहेर पडला याची नोंद मिळते. पत्र नसेल तर चार इंची नगाला सहा इंची नगाच्या वर एक पैसाही देऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

५. १६, १६-२, १६-३ यांत काय फरक? कोणतं घ्यावं?

डॅशनंतरचा आकडा म्हणजे कारखान्यातले अभियांत्रिकी बदल. १९५९ च्या सुमारास एक्स्ट्रॅक्टर रॉडचे (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे) आटे उलटे, म्हणजे डावे केले (का, ते प्रश्न १५ मध्ये). १९६१ मध्ये चापाच्या कड्यासमोरचा स्क्रू गेला. १९६७ मध्ये मागच्या साइटच्या पट्टीचा स्क्रू जागा बदलून पुढे गेला. ‘फाइव्ह स्क्रू’, ‘फोर स्क्रू’ ही संग्राहकांची भाषा याच बदलांवरून आली: आधी साइड प्लेटचे (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचे) चार आणि कड्यासमोरचा एक असे पाच होते, १९५५ च्या सुमारास साइड प्लेटचा वरचा गेला, १९६१ ला कड्यासमोरचा गेला.

संग्राहक फाइव्ह स्क्रूला मान देतात. लक्ष्यावर मात्र फरक दिसत नाही. जुन्या नगांचं फिनिशिंग जास्त देखणं आहे, हे कोणीही कबूल करेल. पण झिजलेल्या फाइव्ह स्क्रूपेक्षा घट्ट १६-३ केव्हाही बरं.

६. यात कोणती काडतुसं चालतात? नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होतो.

गोंधळ होणं साहजिक आहे, आणि तो महागात पडू शकतो.

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग: हेच योग्य. पुंगळीची लांबी २३.४ मिमी.

.३२ कोल्ट न्यू पोलीस: हे म्हणजे वेगळं नाव दिलेलं .३२ लाँगच. चालतं.

.३२ एस अँड डब्ल्यू (नुसतं, ‘लाँग’शिवाय): पुंगळी १५.५ मिमी. बसतं आणि सुटतं, पण गोळीला बॅरलपर्यंत पोचायला खणात लांब उडी मारावी लागते, म्हणून नेम ढिला पडतो. शिवाय आखूड पुंगळीच्या तोंडाशी काजळीचं कडं साचतं, आणि मग लाँग काडतूस नीट आत जात नाही.

.३२-२०: बाटलीसारख्या खांद्याचं वेगळंच काडतूस. नाही.

.३२ लाँग कोल्ट आणि शॉर्ट कोल्ट: पुंगळी बारीक असते, खणात डुगडुगते, फाटू शकते. नाही.

.३२ एसीपी: पिस्तुलाचं, जवळजवळ बिनकाठाचं काडतूस. खणात जाऊन बसतं म्हणून काही जण वापरतात. याचा दाब .३२ लाँगपेक्षा बराच जास्त आहे आणि काठ नीट अडकत नाही. करू नये.

७. .३२ एच अँड आर मॅग्नम बसत नाही. खण थोडे खोल करून घेतले तर?

ते बसत नाही हीच सुरक्षिततेची सोय आहे. मॅग्नमची पुंगळी २७.३ मिमी, म्हणजे सुमारे ४ मिमी जास्त लांब. हे काडतूस १९८४ चं. के-३२ चं उत्पादन त्याच्या दहा वर्षं आधी थांबलं होतं. खण खोल करून घेतलेले नग बाजारात दिसतात. त्यांत तीन तोटे एकदम होतात: संग्राहकाच्या दृष्टीने मूळपणा संपतो, वॉडकटरची खणातली उडी वाढून नेम बिघडू शकतो, आणि पुढचा मालक नकळत त्यात काय भरेल यावर ताबा राहत नाही. मॅग्नम हवं असेल त्याने मॉडेल १६-४ शोधावं (प्रश्न १९).

विकत घेताना हा बदल ओळखायला सोपी कसोटी आहे: मॅग्नमची रिकामी, न ठोकलेली पुंगळी खणात सरकवून पाहावी. मूळ के-३२ मध्ये ती काठापर्यंत आत जाणार नाही. पूर्ण गेली तर खण कोणीतरी खोल केले आहेत.

८. सगळे वॉडकटरच का वापरतात?

सपाट तोंडाची वॉडकटर गोळी कागदात गोल, स्वच्छ भोक पाडते. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते आणि वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला की नाही यावर वाद होतो. दुसरं कारण असं की मऊ शिशाची, बुडाशी पोकळ असलेली वॉडकटर कमी दाबातही फुलून बॅरलच्या खाचा भरते. लापुआची ९८ ग्रेनची (६.३५ ग्रॅम) आणि फिओकीची १०० ग्रेनची ही या कॅलिबरची परिचित स्पर्धा-काडतुसं. वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आतला, धक्का अगदी सौम्य.

एक पथ्य. इतक्या हलक्या भाराच्या काडतुसात आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्काच जाणवला नाही, तर तिथेच थांबायचं. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. शस्त्र लक्ष्याकडे रोखून थोडं थांबा, सिलिंडर उघडा, खण रिकामे करा आणि बॅरल आरपार दिसतं का ते पाहा. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सुटली तर बॅरल फुगतं, आणि या शस्त्राला बदली बॅरल मिळणं जवळजवळ अशक्य आहे.

९. के-३८ वाले म्हणतात .३८ चांगलं, के-३२ वाले म्हणतात .३२ चांगलं. खरं कोणाचं?

कोणत्या नियमांखाली खेळता, यावर उत्तर अवलंबून आहे.

अमेरिकेच्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन) बुल्सआय प्रकारात भोक ज्या कॅलिबरचं, तेवढं मोजलं जातं. .३८ ची गोळी सुमारे ९.०७ मिमी आणि .३२ ची ७.९२ मिमी व्यासाची; म्हणजे .३८ च्या भोकाची कड .३२ पेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त बाहेर पोचते. रेषेवरच्या गोळीला तेवढ्यात वरचा गुण मिळू शकतो. साठ-नव्वद गोळ्यांच्या स्पर्धेत एखाद-दुसरा गुण असा येतो. शिवाय तिथे ५० यार्डांचा मंद टप्पा असतो आणि त्या अंतरावर जड .३८ वॉडकटरवर अनेकांचा विश्वास आहे.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) २५ मीटर सेंटरफायर प्रकारात मात्र कागदी लक्ष्यावर सर्व कॅलिबरसाठी ९.६५ मिमीचंच गेज वापरतात. म्हणजे मोठ्या भोकाचा फायदाच उरत नाही. उरतो तो कमी धक्का. म्हणून युरोपात .३२ वॉडकटर हे या प्रकाराचं प्रमुख काडतूस झालं. वॉल्थर जीएसपी आणि पार्दिनीसारखी स्पर्धा-पिस्तुलंही त्याच्याच भोवती बांधली गेली.

के-३२ ची शोकांतिका अशी की ते ज्या देशात बनलं, तिथले नियम त्याच्या गुणाला दाद देणारे नव्हते. आमचा कौल २५ मीटरवर के-३२ ला आहे, आणि तो भावनेपोटी दिलेला नाही: १,०९० ग्रॅमच्या शस्त्रातून हे काडतूस सुटताना पुढची साइट क्षणभर उचलली जाते आणि आपसूक जागेवर येते. गोळी सुटतानाचं साइटचं चित्र डोळ्याला पूर्ण दिसतं, आणि त्यामुळे चूक कुठे झाली ते नेमबाजाला स्वतःला कळतं.

१०. आयएसएसएफ सेंटरफायर स्पर्धेत हे रिव्हॉल्व्हर चालेल का?

मूळ रूपात साधारणपणे चालतं. नियम असे: कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिमी, बॅरल जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन साइटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, चापाचं वजन किमान १,००० ग्रॅम, आणि संपूर्ण शस्त्र ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं. सहा इंची बॅरल १५२.४ मिमी, म्हणजे जेमतेम आत. एकूण लांबी सुमारे २८३ मिमी, तीही आत.

अडतं ते मुठीशी. हाताच्या आकाराची मोठी लाकडी मूठ बसवली की उंची १५० च्या किंवा जाडी ५० च्या बाहेर जाऊ शकते. मूठ मनगटाला आधार देणारी नसावी, हेही लक्षात ठेवा. स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर हे कळण्यापेक्षा, पुठ्ठ्याची तेवढ्याच मापाची पेटी करून घरी बघून घ्यावं.

११. वेगाच्या टप्प्यात दर गोळीला घोडा ओढायला वेळ पुरतो का?

आयएसएसएफमध्ये पुरतो. तिथे दुसऱ्या तीस गोळ्यांच्या टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येतं आणि मध्ये ७ सेकंद वळलेलं असतं. प्रत्येक वेळी एकच गोळी. हात खाली असताना सात सेकंदांत घोडा सावकाश ओढून होतो, बोट मात्र चापाबाहेर ठेवायचं.

एनआरएच्या रॅपिड टप्प्यात १० सेकंदांत पाच गोळ्या सोडायच्या असतात. तिथे अंगठ्याची हालचाल पाठ असावी लागते: मूठ सैल न करता, धक्क्याने बॅरल उचललं जात असतानाच अंगठा घोड्यावर न्यायचा. नंतर न्यायला गेलं की मूठ हातात फिरते आणि पुढच्या गोळ्या डावी-उजवीकडे पसरतात. पर्यायी रुंद ‘टार्गेट हॅमर’ यासाठीच असे.

१२. पाच गोळ्यांची मालिका, खण सहा. रिकामा खण कुठे ठेवायचा?

सिलिंडर बंद करताना सर्वांत वर, बॅरलच्या रेषेत. नेमबाजाच्या बाजूने पाहिलं तर स्मिथ अँड वेसनचं सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे घोडा ओढताच उजवीकडचा भरलेला खण वर येतो. कोल्टवरून आलेल्यांची इथे चूक होते, कारण कोल्टचं सिलिंडर उलट फिरतं. मधला कुठलाही खण रिकामा राहिला तर मालिकेत एक ठोका फुकट जातो.

१३. चाप हलका करायला मुठीच्या पुढचा स्क्रू थोडा सैल करायचा असं सांगतात. करू का?

नाही. मुठीच्या पुढच्या पट्टीतला तो ‘स्ट्रेन स्क्रू’ मुख्य स्प्रिंगला ताण देतो आणि तो पूर्ण आवळलेलाच असायला हवा. सैल केला की चाप हलका लागतो खरा, पण घोड्याचा ठोकाही कमजोर होतो. काडतूस कधी पेटतं, कधी नाही. आणि गोळ्या सुटत असताना हा स्क्रू स्वतःहून आणखी सैल होत जातो, म्हणजे बिघाड नेमका स्पर्धेच्या मध्यात उघडा पडतो.

कारखान्यातून घोडा ओढल्यावरचा चाप ३ ते ४ पौंडांचा (साधारण १,३६० ते १,८०० ग्रॅम) येत असे आणि तो काचेसारखा स्वच्छ तुटतो. याहून हलका हवा असेल तर ते जाणकार गनस्मिथचं काम. घोड्याच्या खाचेवर घरी कानस चालवून कायमचे बाद झालेले भाग सर्रास आढळतात. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की खाच झिजतच जाते आणि ओढलेला घोडा आपोआप सुटायचा धोका उभा राहतो.

१४. जुना नग घेताना काय काय तपासावं?

क्रमाने करा.

प्रथम टायमिंग, म्हणजे खण वेळेवर बॅरलच्या रेषेत येतो का. सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अतिशय सावकाश ओढा. घोडा अडकण्याआधी किंवा अगदी त्याच क्षणी खालचा खटका सिलिंडरच्या खाचेत बसल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा. सहाही खणांना हे करा. एकच खण मागे राहतो असं पुष्कळदा निघतं. उशीर होत असेल तर गोळी बॅरलच्या कडेला घासून जाते, शिसं बाजूने उडतं आणि शेजारच्या नेमबाजाला ते आधी जाणवतं.

मग एंडशेक, म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल. बंद सिलिंडर पुढे-मागे ढकला. जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल चालते. खडखड असेल तर योकची (सिलिंडरला धरून बाजूला उघडणाऱ्या भागाची) नळी झिजली आहे. शिम (पातळ चकती) घालून हे दुरुस्त होतं, पण किमतीत धरावं.

तिसरी गोष्ट, सिलिंडर आणि बॅरलमधली फट. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१० ते ०.१५ मिमी उत्तम, ०.२५ पर्यंत खपेल. सिलिंडर आधी मागे आणि मग पुढे दाबून, दोन्ही वेळा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच तुमचा एंडशेक.

चौथी, ओढलेल्या घोड्याला अंगठ्याने बेताचा रेटा द्या. तो सुटता कामा नये. सुटला तर खाचेवर कोणीतरी हात चालवला आहे आणि तो नग वापरण्याजोगा नाही.

शेवटी बॅरलमध्ये उजेड टाकून आत गोल कड्यासारखी सावली दिसते का बघा. ती फुगवट्याची खूण.

सिलिंडर थोडं डावी-उजवीकडे हलतं म्हणून मात्र घाबरू नका. जुन्या कोल्टमध्ये चाप दाबून धरला की सिलिंडर पक्कं जखडतं. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित मोकळीक मुळातच ठेवलेली असते, म्हणजे गोळी खणातून बॅरलमध्ये शिरताना सिलिंडर तिच्या रेषेत येऊ शकतं.

१५. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर सिलिंडर उघडेनासं झालं. काय तुटलं?

बहुतेक काहीच तुटलेलं नाही. एक्स्ट्रॅक्टर रॉड आट्यांवरून सैल होऊन पुढे आला आहे आणि पुढच्या खिट्टीत अडकला आहे. सिलिंडर फिरण्याची दिशाच अशी की जुने उजवे आटे हळूहळू सुटत जातात. म्हणूनच कंपनीने ते पुढे डावे केले.

जोर लावून उघडू नका, रॉड वाकेल. शस्त्र भरलेलं असेल तर बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून रेंज अधिकाऱ्याला बोलवा. खण रिकामे असतील तर बॅरलखालच्या फटीतून रॉडची खडबडीत टोकाकडची बाजू बोटाने फिरवून आत घेता येते. उघडल्यावर पक्का आवळायचा: दोन-तीन खणांत रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे मागच्या चांदणीच्या (पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीसारख्या भागाच्या) बारीक खुंट्यांवर ताण येत नाही, आणि चामड्याचा तुकडा गुंडाळून रॉड फिरवा. १९५९ च्या आधीच्या नगांवर घड्याळाच्या दिशेने, नंतरच्यांवर उलट. दिशा चुकली तर आटे जातात.

१६. आधी गोळ्यांचा छान गट पडायचा, आता पसरतो. बॅरल गेलं का?

शिशाच्या गोळ्या आणि इतका कमी वेग, यात बॅरल झिजून जाणं फार अवघड आहे. आधी बॅरलच्या मागच्या तोंडाशी शिसं साचलंय का ते बघा. नव्वद टक्के वेळा दोष तिथेच निघतो असं म्हणायला हरकत नाही. मग मागच्या साइटचा स्क्रू सैल आहे का, मुठीचा स्क्रू सैल आहे का. मग टायमिंग (प्रश्न १४).

एवढं करूनही सुधारलं नाही तर एकेका खणाचा वेगळा गट मारून बघा: खणांना पेन्सिलीने आकडे द्या आणि प्रत्येकातून पाच-पाच. एक खण वेगळीकडे मारत असेल तर तो स्पर्धेत रिकामा ठेवता येतो, मालिका पाचचीच असते. सगळेच पसरत असतील तर खणांची पुढची तोंडं बॅरलपेक्षा अरुंद आहेत का ते मोजून घ्या. तसं असेल तर गोळी आधीच दाबली जाते आणि बॅरलमध्ये सैल पडते. पोकळ बुडाची वॉडकटर हा दोष बराच झाकते, कडक गोळी अजिबात झाकत नाही.

१७. साफसफाई कशी करावी?

ब्रश मागून घालता येत नाही, म्हणून दांडी तोंडाकडून घालताना बॅरलच्या टोकाची कड घासली जाणार नाही एवढं सांभाळा. कांस्याचा ब्रश, सॉल्व्हेंट, कापडाचे तुकडे, शेवटी तेलाचा पातळ हात. पोलादी ब्रश नको. चांदणीखालची काजळी दर वेळी पुसा. तिथे न जळलेल्या दारूचा एक कण अडकला तरी सिलिंडर जड फिरतं. पुंगळ्या काढताना बॅरल आकाशाकडे करून रॉड एका दमात दाबला तर हा कचरा कमी पडतो.

शिसं काढणारं पिवळं रासायनिक कापड सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर चमक आणतं, पण ते निळं ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर संरक्षक थर) खाऊन टाकतं. या रिव्हॉल्व्हरच्या बाहेरच्या अंगाला ते लावूच नका.

साइड प्लेट पेचकसाने उचकटू नये. योग्य मापाच्या पेचकसाने स्क्रू काढा, मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, प्लेट स्वतः वर येते. पुढचा स्क्रू योकला धरून ठेवणारा, त्या जागेसाठी घासून बसवलेला असतो. तो वेगळा ठेवा.

चामड्याच्या म्यानात साठवण नको, चामडं ओल धरून गंज आणतं. आणि शिशाला हात लागल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

१८. रिकामा सराव, म्हणजे काडतूस न घालता चाप दाबण्याचा सराव, केला तर चालेल का?

के-३२ वर चालतो. स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घातली तर उत्तम. यात ठोकणारी टोचणी घोड्यावरच बसवलेली असते आणि सेंटरफायर असल्याने ती मोकळ्या जागेत जाते. के-२२ ला हाच नियम लावू नका: रिमफायरमध्ये (ठोका काडतुसाच्या काठावर बसतो) टोचणी खणाच्या कडेवर आदळू शकते.

१९. मॉडेल १६-४ हे के-३२ च आहे ना?

नाव आणि फ्रेम तीच, स्वभाव वेगळा. १९८९ पासून काहीच वर्षं निघालेलं १६-४ हे .३२ एच अँड आर मॅग्नमचं आहे आणि त्याच्या बॅरलखाली टोकापर्यंत जाड पोलादी पट्टी आहे, म्हणून ते तोंडाशी जड लागतं. त्यात .३२ लाँग चालतं, उलट चालत नाही (प्रश्न ७). स्थिर हाताने एका जागी रोखायला काहींना हे वजन आवडतं. आमच्या मते लक्ष्यावरची लय जुन्या के-३२ चीच. पण रोज वापरायला, ओरखडा पडला तरी जीव कळवळू नये असं शस्त्र हवं असेल तर १६-४ शहाणपणाचं.

२०. मागची साइट फिरवता फिरवता स्क्रू गरगर फिरू लागला.

आडव्या स्क्रूचं टोक तुटलं. शेवटच्या क्लिकनंतरही जोर लावला की हेच होतं, कारण पलीकडचं नट स्क्रूच्या टोकावर नुसतं चेपून बसवलेलं असतं. सुटे भाग मिळतात आणि गनस्मिथ ते अर्ध्या तासात बसवतो. वर-खालीचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की साइट खाली जाते आणि गोळीही खाली लागते. गोळी जिकडे हवी तिकडे मागची साइट न्यायची, एवढं ध्यानात ठेवलं की बस.

२१. पुन्हा ब्लूइंग केलंय हे कसं ओळखायचं?

घोडा आणि चाप बघा. मूळ नगावर त्यांच्यावर तपकिरी-निळसर ढगाळ रंगछटा असतात. ते बाकी शस्त्रासारखे एकरंगी निळे दिसले तर सगळंच रंगवून घेतलंय. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, कोपरे गोल आणि कोरलेला शिक्का पुसट, ही पॉलिशच्या चाकाची लक्षणं.

अनुक्रमांक मुठीच्या तळावर असतो. सुरुवातीच्या नगांत तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, बॅरलच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडी पट्टीच्या आत सापडायला हवा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे आकडे सगळीकडे घालणं बंद होत गेलं, त्यामुळे १६-३ च्या सिलिंडरवर आकडा नाही म्हणून शंका घेऊ नये. मोठी मूठ बसवणार असाल तर मूळ लाकडी पट्ट्या जपून ठेवा.

२२. अमेरिकेत हे ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणून धरतात का?

संघीय नियमानुसार मूळ स्वरूपातलं, पन्नास वर्षांहून जुनं शस्त्र त्या वर्गात येतं. त्यामुळे के-३२ आणि मॉडेल १६-३ पर्यंतचे नग आता त्यात बसतात आणि प्रकार ०३ चा संग्राहक परवाना असणाऱ्याला ते दुसऱ्या राज्यातूनही घेता येतात. १६-४ वयाने बसत नाही. राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो, तो आधी पाहावा. दुसऱ्या देशांत हा वर्ग लागू नाही.

२३. पेटीसकट, न वापरलेला नग मिळालाय. गोळ्या झाडू की नको?

मूळ पेटी, कागद आणि सिलिंडरवर फिरण्याची रेघही नसलेला नग असेल तर नको. त्याची किंमत त्याच अस्पर्श अवस्थेची आहे आणि पहिल्या पन्नास गोळ्यांत ती घटते. पण थोडंही वापरलेलं के-३२ असेल तर जरूर झाडा. वॉडकटरने ते झिजत नाही. रेघ आधीच पडलेली असताना ते तिजोरीत ठेवून किंमत वाढत नाही, आणि ज्या कामासाठी ते घडवलं तेही होत नाही.

२४. बॅरलवर .३२ लिहिलंय, पण योकच्या आत ‘मॉडेल १४’ असा शिक्का आहे. हे काय आहे?

के-३८ चं रूपांतर. सिलिंडर उघडल्यावर योकच्या खाचेत जो मॉडेल क्रमांक दिसतो तो फ्रेमचा, आणि फ्रेम खोटं बोलत नाही. कोणीतरी .३२ चं बॅरल आणि सिलिंडर मिळवून ते मॉडेल १४ वर बसवलं आहे. काम चांगलं झालं असेल तर असं शस्त्र अप्रतिम नेम धरतं आणि स्पर्धेला काही अडचण नाही. फक्त किंमत मॉडेल १४ ची द्यायची. १९५७ च्या आधीच्या फ्रेमवर मॉडेल क्रमांकच नसतो, तेव्हा बॅरल, सिलिंडर आणि मुठीचे आकडे जुळवून बघणं (प्रश्न २१) आणि ते जुळले नाहीत तर फाउंडेशनचं पत्र (प्रश्न ४) हेच दोन मार्ग उरतात.